अंगणात शाळा आणणाऱ्या ताराबाई मोडक



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी एका थोर स्त्रीचे चरित्र छापण्याची प्रथा आहे. आजवर जिजामाता, अहिल्यादेवी, सावित्रीबाई आणि रमाबाई रानडे यांच्यावर लेख येऊन गेले. यंदा हे काम माझ्याकडे सोपवण्यात आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहिण्याचा सराव म्हणाल तर वाण्याची यादी आणि भिशीचा हिशेब एवढाच. तरीही मी हे काम आनंदाने पत्करले, आणि नाव निवडले ते कै. ताराबाई मोडक यांचे.

ह्या निवडीला दोन कारणे आहेत. पहिले असे की, ताराबाईंच्या आयुष्याचे मुख्य काम आपल्या ठाणे जिल्ह्यात झाले. बोर्डी आणि कोसबाड ही त्यांच्या कार्याची गावे १ ऑगस्ट २०१४ पासून नव्या पालघर जिल्ह्यात गेली. पण ताराबाई होत्या तेव्हा कल्याण, डोंबिवली, डहाणू, बोर्डी हा सारा एकच जिल्हा होता. आजही आपल्याला डोंबिवलीहून दिवा-वसई मार्गाने डहाणूकडे जाता येते. इतक्या जवळच्या बाईची ओळख आपल्या सुनांना आणि लेकींना नसावी, ह्याची मला खंत वाटते.

दुसरे कारण आपणां सर्वांना ठाऊक आहे. मंडळाच्या बालवाडीवरून गेले काही महिने आपल्यात दोन तट पडले आहेत. काही पालक म्हणतात, तीन-चार वर्षांच्या मुलांना रोज लिहिण्याचा अभ्यास द्या, नाही तर आम्ही मुले काढून दुसरीकडे घालतो. काही भगिनी म्हणतात, ह्या वयात गाणी, गोष्टी आणि खेळच हवेत. येत्या सर्वसाधारण सभेत ह्याचा निर्णय व्हायचा आहे. जुनी रीत चांगली की नवी, हा प्रश्न आपल्यापुढे आज आला. ताराबाईंनी त्यावर पन्नास वर्षे घालवली. तेव्हा मत देण्यापूर्वी त्यांचे चरित्र एकदा नजरेखालून जावे, असे मला वाटले.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई हे दोघेही प्रार्थना समाजाच्या विचारांचे होते. प्रार्थना समाजाची स्थापना १८६७ साली मुंबईत झाली आणि स्त्रीशिक्षण व विधवाविवाह ह्या सुधारणांचा त्याने पुरस्कार केला. अशा घरात जन्म झाल्यामुळे मुलीने शिकावे की नाही, हा वादच ताराबाईंच्या वाट्याला आला नाही. मुंबईच्या अलेक्झांड्रा ह्या मुलींच्या इंग्रजी शाळेत त्यांचे शिक्षण झाले. पुढे कॉलेजात जाऊन १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. त्या काळी बी. ए. झालेल्या मराठी स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, हे ध्यानात घ्यावे.

त्या काळी लहान मुलांचे शिक्षण कसे असे, तेही येथे सांगितले पाहिजे. गावोगावी पंतोजींच्या शाळांची रीत पुष्कळ दिवस टिकून होती. धुळपाटीवर अक्षर गिरवायचे, मोठ्याने पाढे म्हणायचे, संध्याकाळी परवचा म्हणायचा. चुकले की छडी, अंगठे धरणे, ओणवे उभे राहणे. सरकारी शाळा आल्या, पाट्या-पेन्सिली आल्या, फळा आला. पण छडी काही गेली नाही. मुलाला सकाळी धरून बांधून शाळेत पोहोचवावे लागे, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे. छडीवाचून विद्या येत नाही, अशीच सर्वांची ठाम समजूत होती.

जुन्या शिक्षणात काहीच चांगले नव्हते, असे मात्र मी म्हणणार नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ असलेली माणसे तोंडी हिशेब किती झरझर करीत, हे आपल्यापैकी पुष्कळजणींनी आपल्या आजी-आजोबांत पाहिले असेल. स्तोत्रे पाठ केल्याने वाणी शुद्ध होई आणि स्मरणशक्ती वाढे. तक्रार पाठांतराविषयी नाही. तक्रार भीतीविषयी आहे, आणि अर्थ कळण्याआधीच ओझे लादण्याविषयी आहे.

१९१५ साली ताराबाईंचा विवाह अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी झाला. घर सुखवस्तू होते. परंतु पुढे मतभेद वाढत गेले, संसार टिकला नाही, आणि १९२१ साली लहानग्या मुलीला घेऊन ताराबाई घराबाहेर पडल्या. मुलीचे नाव प्रभा. त्यांच्या ह्या आयुष्यावर श्री. रत्नाकर मतकरी यांनी लिहिलेले ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक आपल्यापैकी काहीजणींनी पाहिलेही असेल. शंभर वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळे होऊन, पदरात मूल घेऊन, परक्या प्रांतात नोकरी करणे किती कठीण, हे मी वेगळे सांगायला नको. आजही ते सोपे नाही.

राजकोटला स्त्रियांचे एक ट्रेनिंग कॉलेज होते. ताराबाईंनी तेथे प्राचार्यपद स्वीकारले. पगार चांगला, मान मोठा. एकट्या स्त्रीने आयुष्यभर धरून ठेवावी अशी ती नोकरी होती. पण १९२३ साली ती सोडून त्या भावनगरला गेल्या, आणि येथूनच त्यांचे खरे चरित्र सुरू होते.

भावनगरला दक्षिणामूर्ती नावाची संस्था होती. तेथे श्री. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली लहान मुलांसाठी बालमंदिर काढले होते. गिजुभाई मूळचे वकील. आपल्या मुलाला कसे वाढवावे, ह्याचा विचार करता करता त्यांच्या हाती इटलीतील मारिया माँटेसरी ह्या बाईंच्या पद्धतीची माहिती आली. त्यांनी वकिली सोडली आणि ते मुलांत रमले. इतक्या मायेने त्यांनी मुले सांभाळली की गुजराती लोक त्यांना मिशाळ आई अशा अर्थाच्या नावाने ओळखू लागले.

माँटेसरीबाईंविषयीही दोन शब्द सांगते, कारण त्यांचे नाव आज आपल्याकडे गल्लोगल्ली पाटीवर दिसते. ह्या बाई डॉक्टर होत्या. ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातल्या सान लोरेंझो नावाच्या गरीब वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेल्यावर चाळीच्या जिन्यांवर आणि भिंतींवर धुडगूस घालणारी मजुरांची पोरे, हेच त्यांचे पहिले विद्यार्थी. त्यांनी असे पाहिले की, मुलाच्या हाताला त्याच्या जोगते काम दिले, तर ते तासन्‌तास शांतपणे करीत बसते; त्याला धाक लागत नाही आणि बक्षीसही लागत नाही. पाणी न सांडता ओतणे, बटणे लावणे, जागा झाडणे, लहान-मोठे ओळखून क्रमाने मांडणे, खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवणे, अशा कामांतून मुले आपोआप लिहिण्या-वाचण्यापर्यंत पोहोचली. म्हणजे ही पद्धत मुळात श्रीमंतांच्या मुलांसाठी निघालीच नव्हती. हे वाक्य आपण पुढे ध्यानात ठेवावे, अशी विनंती आहे.

भावनगरला ताराबाई सुमारे नऊ वर्षे राहिल्या. गुजराती भाषा त्यांनी आपलीशी केली आणि तीत लेखनही केले. मुलांसाठी गोष्टी, गाणी, छोटी पुस्तके ह्यांची त्यांनी आणि गिजुभाईंनी मिळून रास घातली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ‘शिक्षण पत्रिका’ नावाचे मासिक आधी गुजरातीत निघत होते. ते ताराबाईंनी १९३३ पासून मराठीतही आणले. ते मुख्यतः आईबापांसाठी आणि शिक्षकांसाठी होते. मुलाला का मारू नये, ते हट्ट का करते, खोटे का बोलते, त्याला काय खेळायला द्यावे, अशा घरगुती गोष्टींचा विचार त्यात असे. मुलाच्या हट्टाचा आणि रडण्याचा शास्त्रीय विचार करता येतो, ही गोष्टच त्या काळच्या पुष्कळ घरांना नवी होती.

मुंबईला परत आल्यावर १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढले. तेथे बालमंदिर चाले आणि लहान मुलांच्या शिक्षिका तयार करण्याचे अध्यापनमंदिरही चाले. दादरची शिकलेली मंडळी मुलांना हौसेने पाठवीत. १९३९ साली खुद्द माँटेसरीबाई हिंदुस्थानात आल्या, युद्धामुळे येथेच राहिल्या, आणि त्यांच्या पद्धतीचा सर्वत्र गाजावाजा झाला. ताराबाईंचे नाव झाले होते, संस्था उभी होती, वय पन्नाशीच्या पुढे गेले होते. दुसरे कोणी असते तर येथेच समाधान मानले असते.

पण त्यांना एक गोष्ट टोचत होती. दादरच्या मुलांना मिळते ते खेड्यातल्या मुलांना का मिळू नये? परदेशी नमुन्याची, गुळगुळीत लाकडाची, रंगीत साधने खेड्यात कोण आणणार? आणि साधने नाहीत म्हणून ती पद्धत खेड्यात नेता येत नसेल, तर पद्धत खरी कोणती आणि साधने कोणती, ह्याचा उलगडा व्हायला नको का? त्याच सुमारास महात्मा गांधीही नई तालीमचा विस्तार करीत होते. १९४५ च्या आरंभी सेवाग्रामला भरलेल्या परिषदेत, शिक्षण हे सात वर्षांपासून सुरू न होता जन्मापासून सुरू व्हावे, हा विचार मांडला गेला. त्याच साली ताराबाई आपल्या जिल्ह्यातल्या बोर्डी गावी आल्या आणि तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले.

बोर्डी हे घोलवड स्टेशनजवळचे समुद्रकाठचे गाव. चिकूच्या आणि नारळीच्या वाड्या. आचार्य भिसे यांच्यासारख्या थोर शिक्षकामुळे तेथे शिक्षणाचे वातावरण होते. पण किनाऱ्यापासून थोडे आत गेले की वारली लोकांचा मुलूख लागे, आणि तेथील स्थिती फार वेगळी होती. सावकार-जमीनदारांच्या वेठीत माणसेच्या माणसे पिचत होती. मे १९४५ मध्ये झरी येथे श्रीमती गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्ध लढा उभा राहिला, तोही हाच काळ. मोठी माणसे वेठीतून सुटण्यासाठी झगडत असता त्यांच्या मुलांसाठी ताराबाईंनी पाटी धरली, असे म्हणायला हरकत नाही.

ह्याच वर्षी त्यांना अनुताई वाघ भेटल्या. अनुताई बालविधवा, लग्न झाले तेराव्या वर्षी आणि सहा महिन्यांच्या आत कुंकू पुसले गेले. त्या शिकल्या, पुण्याला हुजूरपागेत शिक्षिका झाल्या. बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचे शिबिर होते, तेथे दोघींची गाठ पडली आणि अनुताई बोर्डीला आल्या त्या कायमच्याच. एक संसार सोडून आलेली, दुसरी संसार बुडालेली. पण ह्या दोघींनी मिळून शेकडो मुलांचा संसार केला.

बोर्डीला बालवाडी उघडली खरी, पण सर्व मुले येईनात. गावाच्या कडेला, त्या वेळी हरिजनवाडा म्हणत त्या वस्तीतली मुले तर येतच नसत. जुन्या रीतीच्या मास्तरांनी म्हटले असते की, ह्या लोकांना विद्येची गोडीच नाही. ताराबाईंनी तसे म्हटले नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने उठून मुलाकडे जावे, असा सरळ विचार त्यांनी केला. शिक्षिका सकाळी वस्तीत जात. एखाद्या घरापुढचे अंगण झाडून घेत, मुलांना हाका मारून गोळा करीत. अंघोळ झाली नसेल त्याला अंघोळ घालीत, नखे कापीत, केस विंचरीत. मग गाणी, गोष्टी, मोजणे, मांडणे. आया दारात उभ्या राहून पाहत. अंगणात भरणारी म्हणून तिचे नाव अंगणवाडी पडले.

साधनांचा प्रश्नही तेथेच सुटला. चिंचोके, शंखशिंपले, गोटे, काड्या, पाने, फुले, बिया, मातीचे मणी. बोर्डीच्या किनाऱ्यावर आणि रानात जे फुकट मिळे तेच साधन. लहानमोठे शिंपले ओळीने मांडले की क्रम कळतो. पाने वेगवेगळी लावली की आकार कळतो. चिंचोके मोजले की अंक कळतात. वाळूत बोटाने अक्षर काढता येते. माँटेसरीबाईंनी डोळ्यांना, कानांना, बोटांना वळण लावण्यासाठी जे योजले, ते सारे पैशाशिवाय साधले. पद्धत साधनांत नसते, मुलाकडे पाहण्याच्या नजरेत असते, हे बोर्डीच्या अंगणात सिद्ध झाले.

पुढे १९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. आता मुले मुख्यतः आदिवासींची. सात-आठ वर्षांची मुले दिवसभर गुरांमागे जात. ती शाळेत कशी येणार? तेव्हा शाळाच गुरांमागे गेली. कुरणात गुरे चरत असता झाडाखाली शिक्षण चाले. तिला कुरणशाळा म्हणत. दिवसा कामावर जाणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा. मुली येत नसत, कारण कडेवर धाकटे भावंड असे. मग त्यांनी एका आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत, आणि थोरली ताई मोकळ्या हाताने वर्गात. तिला विकासवाडी असे नाव होते. मुलींच्या गळतीवर मोठमोठे अहवाल लिहिले जातात; कोसबाडला त्यावर पाळणा टांगण्यात आला!

१९६२ साली सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्यामागे अनुताईंनी १९९२ साली आपला अंत होईपर्यंत कोसबाडचे काम चालवले. ताराबाई गेल्यावर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. आज देशभरात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. आपल्या वस्तीतही आहे. तेथे लस टोचून घ्यायला, पोषण आहार आणायला आपण जातो. पण हा शब्द आपल्याच जिल्ह्यातल्या एका अंगणातून निघाला, हे कोणी सांगत नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे येते. रोज लेखन मागणाऱ्या पालकांचे म्हणणे मला समजते. सकाळची लोकल धरून दोघेही मुंबईला जातात, रात्री दमून येतात. पुढल्या वर्षी मूल इंग्रजी शाळेत जाईल, तेथे ते मागे पडले तर काय, ही धास्ती त्यांना असते. त्यांना कोणी दोष देऊ नये. मुलाचे भले व्हावे म्हणूनच पूर्वी बाप मुलाला छडीच्या हवाली करीत असे, आणि आजचे आईबापही त्याच मायेने तीन वर्षांच्या हातात पेन्सिल देतात.

परंतु त्या हाताकडे पाहावे. तीन वर्षांच्या मुलाची बोटे अजून कोवळी असतात. पेन्सिल मुठीत धरून ते सारा खांदा हलवते. त्याला ओळीत अक्षर काढायला लावले की ते दमते आणि मग वही पाहिली की रडते. तेच मूल कणकेचा गोळा मळायला बसवा, मटार सोलायला द्या, डाळ-तांदूळ वेगळे करायला द्या. अर्धा तास उठत नाही. बोटांना जोर येतो तो ह्यातून. पेन्सिल पुढे आपोआप हातात बसते. ही काही माझ्या पदरची गोष्ट नाही. माँटेसरीबाईंनी आणि ताराबाईंनी हेच केले. आता सरकारही तेच सांगते. २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्याने शाळेत मुलाला मारणे आणि मनस्ताप देणे दोन्हींस बंदी केली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ ही वर्षे खेळातून शिकण्याची मानली. ताराबाईंनी धरलेली वाट धोरणात यायला शंभर वर्षे लागली.

दुसरी एक गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते, आणि तिच्यासाठीच मी हा सारा खटाटोप केला. माझ्या मुलाच्या वेळचा अनुभव आहे. तो एका शिशुवर्गात जाई, आणि रोज वहीत घरच्या अभ्यासाच्या इंग्रजी सूचना लिहून येत. मला इंग्रजी येत नाही. शेजारच्या कॉलेजातल्या मुलीकडून त्या वाचून घ्याव्या लागत. त्या वहीपुढे मी म्हणजे कोणीच नव्हते. मुलाला झोपवताना म्हणायची चार गाणी मला येतात, भोंडल्याची सोळा गाणी येतात, आजीने सांगितलेल्या कितीतरी गोष्टी येतात, पाढे येतात. पण त्यांतले काहीही त्या शाळेला नको होते. तेव्हा मला कोडे पडे की, जिला इंग्रजी येते तिच्याच मुलाने शिकावे, असा हा प्रकार आहे की काय?

ताराबाईंच्या चरित्रात ह्याचे उत्तर मिळते. त्यांच्या शाळेने आईकडे काय नाही, ते पाहिले नाही; काय आहे, ते पाहिले. अंगण आहे, चिंचोके आहेत, गाणे आहे, गुरे आहेत, धाकटे भावंड आहे. तेवढ्यावर शाळा उभी राहिली. पंतोजीच्या शाळेत मुलाला घर दाराबाहेर ठेवून यावे लागे. आजची पुष्कळ भारी फीची शाळाही तेच मागते; मग तिच्या पाटीवर माँटेसरी लिहिलेले का असेना. तेव्हा जुनी रीत की नवी, हा वाद मला फारसा खरा वाटत नाही. नवी म्हणून विकली जाणारी शाळाही मुलाला धाक घालू शकते, आणि जुन्या आजीच्या मांडीवरही मूल आनंदाने शिकू शकते. मूल भीतीने येते की ओढीने, आणि त्याच्या घराला शाळेत जागा आहे की नाही, हे दोन प्रश्न विचारावे. उत्तर लगेच मिळते.

ह्यास्तव सभेपुढे माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, आपल्या बालवाडीत पाच वर्षांच्या आत लेखनाचा अभ्यास देऊ नये. त्याऐवजी वाळूचे ताट, मणी, चिंचोके, माती ही साधने आपण भगिनींनी मिळून गोळा करावी. त्याला वर्गणीचीही गरज नाही. ज्या पालकांना शंका आहे त्यांना महिन्यातून एकदा बालवाडीत बसवून मुलांचे काम दाखवावे. डोळ्यांनी पाहिले म्हणजे पुष्कळ शंका फिटतात.

दुसरी, दर शनिवारी पाळीपाळीने एका आईने किंवा आजीने येऊन आपल्याकडचे काही मुलांना द्यावे. कोणी गोष्ट सांगावी, कोणी पाढ्यांचे गाणे म्हणावे, कोणी रांगोळीचे ठिपके मोजायला शिकवावे. मालवणी, आगरी, खानदेशी, वऱ्हाडी, ज्या बोलीत येते त्या बोलीत. शिक्षणाची अट नसावी.

तिसरी सूचना थोडी जड आहे. आपल्या वसाहतीच्या मागे दोन मोठ्या इमारतींचे काम चालू आहे. मजूर बाया सकाळी कामावर चढतात आणि त्यांची मुले दिवसभर वाळूच्या ढिगावर खेळत असतात. आपण बालवाडी उघडी ठेवली आहे, म्हणून ती मुले येतील, असे आपण धरून चाललो. ती आली नाहीत, आणि येणारही नाहीत. ताराबाई असत्या तर त्यांनी काय केले असते, हे आता आपणां सर्वांना माहीत आहे. आठवड्यातून दोन दिवस, सकाळी तासभर, आपल्यातल्या चौघीजणी सतरंजी, पाण्याची कळशी, कंगवा आणि नेलकटर घेऊन तेथे जाऊ शकतात. ठेकेदाराची परवानगी आधी घ्यावी लागेल आणि कामापासून सुरक्षित अशी एक कोपऱ्यातली जागा मागून घ्यावी लागेल. साधने शोधावी लागणार नाहीत. वाळू तेथे भरपूर आहे.

मी माझे नाव चौघींत लिहिले आहे. आणखी तीन नावे हवीत. ती सभेच्या आधी सेक्रेटरींकडे द्यावी, ही नम्र विनंती.